सोमवारी ख्रिस्ती असणं म्हणजे नेमकं काय?

नगरी_पुणेकर (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार.

आमच्या मंडळीत दृढीकरणाचा वर्ग (बाप्तिस्मा झालेली मुलं स्वतः विश्वास कबूल करतात, त्याची तयारी) सध्या माझ्याकडे आहे. मुलं पंधरा-सोळा वर्षांची. दहा आज्ञा, मतांगीकार (विश्वासाची कबुली), प्रभूची प्रार्थना, सगळं तोंडपाठ. मागच्या वर्गात एका मुलीनं सरळ विचारलं, "सर, हे सगळं रविवारचं झालं. सोमवारी कॉलेजात आम्ही बाकीच्यांपेक्षा वेगळं काय करायचं?" पुढच्या आठवड्यात बोलू म्हणालो. म्हणून हा धागा.

आम्ही नगरला वाढलो तेव्हा "चांगला ख्रिस्ती" ओळखायच्या खुणा ठरलेल्या होत्या. उपासनेला घंटा व्हायच्या आत येणारा, तंबाखू न मळणारा, दानार्पणाच्या थैलीत नाण्याऐवजी नोट टाकणारा, आणि उपासना संगीतातली गाणी पुस्तक न उघडता म्हणणारा. यात वाईट काहीच नाही. पण अशी सगळी लक्षणं असलेला माणूस भाडेकरूला छळताना आणि बहिणीचा वाटा खाताना आम्ही गल्लीतच बघितलाय.

हिंदूचे ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचं उदाहरण आपण उठसूट देतो. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनानं. मत्तयाचे तीनच अध्याय, पाच ते सात. या निमित्तानं ते पुन्हा नीट वाचले. देवळात कसं वागावं याबद्दल त्यात फारच थोडं आहे. आहे ते शपथा, सूड, कज्जे, उसनवारी, परक्या बाईकडे बघायची नजर, उद्याची चिंता, गाजावाजा न करता द्यायचं दान. म्हणजे सगळा सोमवार ते शनिवारचाच मामला.

तर माझं म्हणणं असं की वचनं टाकू नका, वचनं माझ्याकडेही आहेत. ख्रिस्ती आहोत म्हणून कुठे किंमत मोजावी लागली, किंवा मोजायची होती आणि मोजली नाही, ते सांगा. बाकी धर्मातल्या मित्रांनीही लिहावं, फक्त धागा धर्मांतराच्या राजकारणात नेऊ नये ही विनंती.

---

बावखल

वसईहून लिहितोय. आम्ही कॅथलिक, त्यामुळे दृढीकरणाबरोबर उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस), कन्फेशन, क्रूसाची वाट हेही आलं. पण आमच्याकडे खरी परीक्षा होते ती सातबाऱ्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर राहतो, पूर्वी त्यावर रहाट असायचे आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलझाडं जगायची. बावखल बुजवलं की एकट्याचं नुकसान होत नाही, अख्ख्या आळीच्या विहिरी खाऱ्या व्हायला लागतात. आणि बुजवलेल्या जागेला भाव चांगला येतो.

हरित वसईची चळवळ झाली तेव्हा फादर दिब्रिटोंसारखे धर्मगुरू रस्त्यावर उतरले होते. टँकरवाले, बिल्डर, दमदाटी, सगळं अंगावर घेऊन. मी तेव्हा लहान होतो, वडिलांच्या खांद्यावरून मोर्चा बघितलाय. त्या मोर्चात पुढे घोषणा देणाऱ्यांपैकी काहींनीच नंतर आपापल्या वाड्या दिल्या. त्यांना नावं ठेवत नाही. घरात कॅनडाला निघालेली पोरं असली की पैसा लागतो.

आमचं बावखल आजोबांच्या वाटणीत अर्धं-अर्धं झालं. चुलत्यांनी त्यांची बाजू भरावानं बुजवली. आमची बाजू आम्ही ठेवली. त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद. आता गंमत बघा. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घेतो, उपवासकाळात मटण-मासळी सोडतो, त्याचं मला काहीच जड जात नाही. पण वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, हे वाचलं की पाय उचलत नाही. कारण माझ्या मते चूक त्यांची आहे. आणि तिथे "चूक कुणाची" असं लिहिलेलंच नाही. भावाच्या मनात काही आहे, एवढंच पुरे.

---

पेठेतला_वाचक

वाचतोय. बावखलाबद्दल पहिल्यांदाच कळलं. येऊ द्या.

---

जालना_साक्षी

प्रेज द लॉर्ड. धागा चांगला आहे पण एक बाजू सुटते आहे. "पाळायच्या गोष्टी" म्हणजे वरवरच्या, असा सूर लागतोय. मी जन्मानं ख्रिस्ती नाही. माझ्या नवऱ्याची दारू सुटली ती प्रार्थनेनं आणि मंडळीतल्या भावांनी रात्री-अपरात्री घरी येऊन बसल्यानं. आमच्याकडे आठवड्यातून एकदा घरी प्रार्थनासभा, पहाटे बायबलवाचन, उपास, दशांश (कमाईचा दहावा भाग मंडळीला), सगळं कडक. टीव्हीवरच्या मालिका बंद. दागिने मी स्वतःहून उतरवले. लोक हसतात. पण ज्या घरात संध्याकाळ झाली की ताटं आपटायची, त्या घराला शिस्त लागते ती अशाच बारीकसारीक नेमांनी. ज्यांच्या घरी तीन पिढ्या नाताळचा केक आहे त्यांना नेम वरवरचे वाटतील. आम्हाला त्यांनीच उभं केलं.

आणि प्रसाद आम्ही घेत नाही. ऑफिसात, शेजारी, कुठेही. तिथे तडजोड नाही.

---

अवलिया_सोलापूर

मी हिंदू, नास्तिकतेकडे झुकलेला. दोन प्रश्न, वाकडेपणानं नाही.

एक. माझ्या शेजारची ख्रिस्ती वहिनी गणपतीचा मोदक घेते, कपाळाला हात लावून घेते. दुसरे एक गृहस्थ हात मागे घेतात, तेव्हा आईला वाईट वाटतं, चेहऱ्यावर दिसतं. निष्ठावान कोण मानायचं?

दोन. "सेवा" करताना मनात माणूस आपल्या धर्मात यावा ही इच्छा असते की नाही? असेल तर ती सेवा कशी?

---

नगरी_पुणेकर

@जालना_साक्षी, ताई, नेमांबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. वर्गात मुलांना सांगताना नेमांची टिंगल होणार नाही हे बघेन.

प्रसादाबद्दल मात्र थोडं वेगळं. हा वाद अगदी सुरुवातीच्या काळातल्या करिंथच्या मंडळीतही झाला होता. बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा मूर्तीला दाखवलेलं असायचं. प्रेषित पौल त्यांना पत्रात म्हणतो, मूर्ती जगात काहीच नाही, त्यामुळे खाल्ल्यानं काही बिघडत नाही. पण तुझ्या खाण्यानं दुबळ्या मनाच्या भावाचा पाय घसरणार असेल तर खाऊ नकोस, मी तर मग मांसच कधी खाणार नाही. म्हणजे त्याचा मुद्दा ताटातल्या पदार्थापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाचा आहे. मी स्वतः शेजाऱ्यांकडचा मोदक खातो. आरतीला उभा राहत नाही, आणि तसं सांगतो. अजून तरी कुणाच्या आईला वाईट वाटलेलं नाही. माझ्याबरोबर तुमच्या मंडळीतला नवीन विश्वासी असेल, तर कदाचित मीही नाही म्हणेन.

@अवलिया, दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देणारं कुणीतरी येईल.

---

दाखला

माझा प्रश्न या धाग्यात बसतो का माहीत नाही. बसत नसेल तर काढून टाका.

मुलगा बारावीला आहे. आजोबांनी गावी बाप्तिस्मा घेतलेला. वडील शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी "हिंदू-महार" लिहिलं, ते माझ्याही दाखल्यावर आलं, मुलाच्याही. घरात कुणी कधी देवळात गेलं नाही. रविवारी आम्ही चर्चमध्ये असतो, पत्नी महिला मंडळाची सेक्रेटरी आहे. मी नोकरीला लागलो तो खुल्या वर्गातून, त्यामुळे प्रश्न कधी आलाच नाही. आता प्रवेशाचा फॉर्म भरायचा आहे. अनुसूचित जातीचा दाखला काढला तर चांगल्या कॉलेजात सहज नंबर लागेल. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी तेच केलंय. पाळक म्हणतात, "तुमच्या विवेकाला विचारा." माझा विवेक रात्रभर जागा असतो आणि सकाळी काहीच बोलत नाही.

---

पेठेतला_वाचक

हा खरा प्रश्न.

---

कलम_आणि_पोटकलम

वकिली करतो, ख्रिस्ती नाही. कायद्याची बाजू सांगतो म्हणजे नंतरची चर्चा हवेत होणार नाही.

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार आधी फक्त हिंदूंना अनुसूचित जातीचा दर्जा होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही, म्हणजे ख्रिस्ती झालेला आदिवासी आदिवासीच राहतो. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर आणखी एक आयोग नेमला गेला. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगायचं, हे चालणार नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर जात पडताळणी समितीसमोर बाप्तिस्म्याची नोंद, चर्चमधल्या लग्नाची नोंद कुणी आणून ठेवली तर प्रवेश पुढे रद्द होऊ शकतो. हा धोका खरा आहे. नैतिक भाग तुमचा तुम्ही बघा.

---

बावखल

@दाखला, दादा, तुमच्या जागी मी नाही, आणि वसईच्या कॅथलिकानं यावर फार बोलू नये. आमच्या पूर्वजांना पोर्तुगीज काळात काय सोसावं लागलं असेल ते असो, आज आमच्यापुढे हा प्रश्न नाही.

---

माहेर_हरेगाव

मी बोलते, कारण माझ्यापुढे आहे.

आधी कायदा अन्यायाचा आहे हे म्हणून घेऊ या. पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला म्हणून काही गावानं आजोबांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. जात तशीच राहिली, फक्त सवलत गेली. त्यामुळे जे खोटा दाखला काढतात त्यांना "ढोंगी" म्हणणाऱ्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांचा मला राग येतो. त्यांच्या खापरपणजोबांना मिशनच्या शाळेत इंग्रजी मिळालं, तीच त्यांची सवलत होती.

तरीही माझ्या धाकट्या भावानं काढला नाही. तो म्हणाला, "नोकरी लागल्यावर मला गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत घालावा लागेल, मला ते जमणार नाही." तो आज एका सोसायटीत हिशेब लिहितो. त्याच्याबरोबरचा एक जण वर्ग दोन अधिकारी आहे आणि नाताळला रजा टाकत नाही. दोघेही माझ्या घरी येतात. कुणाचं बरोबर हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही, पण भावाकडे बघितलं की मान वर होते.

आता दुसरं. जातीवरून सरकारकडे बोट दाखवतो, पण आपल्या घरात काय चाललंय? सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा भरते तेव्हा नगर, औरंगाबाद, नाशिक, कुठून कुठून माणसं येतात, उन्हात रांगा लागतात, त्या रांगेत कुणी कुणाला "मूळचे कोण?" विचारत नाही. माझ्या पुतणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मात्र दोन्ही बाजूंनी पहिला प्रश्न तोच आला. मुलगा मांग-ख्रिस्ती, आम्ही महार-ख्रिस्ती. माझे मोठे दीर, मंडळीत वाचन करणारे, दुभाष्याशिवाय इंग्रजी प्रवचन समजणारे, म्हणाले, "प्रार्थनेत सगळे एक, पण सोयरीक बघून करावी." माझ्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, शाळा बघितलेली नाही, त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "प्रभुभोजनाची भाकर मोडताना पाळक विचारतो का कुणाला कुठला तुकडा म्हणून?" दीर उठून ओसरीवर गेले. लग्न झालं. दीर आले, जेवले नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवलंय ना, नवरा ख्रिस्ती झाला तरी त्या कितीतरी काळ सोवळं पाळत होत्या, कुणाच्या हातचं पाणी घेत नव्हत्या. मग एक दिवस त्यांच्या मनातच उलगडा झाला की जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या, आणि त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी नंतर घेतला. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. आपण क्रम उलटा केला आणि पाणी राहूनच गेलं.

---

जालना_साक्षी

सासूबाईंना माझा जय ख्रिस्त सांगा.

---

पंचकमिटी_ग्रस्त

जातीवरून आठवलं, मंडळीच्या निवडणुकीवर कुणी लिहिणार आहे का? आमच्याकडे (गाव सांगत नाही) एकाच मंडळीचे दोन गट, दोन खजिनदार, दोन शिक्के आणि कोर्टात एकमेकांविरुद्ध दावे. कशासाठी, तर जुन्या मिशन कंपाउंडच्या जागेसाठी. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल लोकांना हेच विचारतो की विश्वासी विश्वाश्यावर फिर्याद घेऊन परक्यांकडे जातो? त्यापेक्षा तुम्हीच अन्याय का सोसत नाही? हा अध्याय आमच्याकडे दोन्ही गट एकमेकांना वाचून दाखवतात.

---

अवलिया_सोलापूर

हाहा. हे आमच्या मंदिर ट्रस्टचं वर्णन वाटलं. दोन शिक्के तर डिट्टो.

---

वॉर्ड_नंबर_सहा

उशिरा आले. नर्स आहे, शिक्षण मिरजेला मिशनच्या दवाखान्यात झालं, आता दुसरीकडे नोकरी करते. @अवलिया यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला. तेव्हाच्या मिशनऱ्यांच्या मनात लोकांनी ख्रिस्ती व्हावं ही इच्छा होती, ती त्यांनी लपवलीही नाही. तेव्हा "इच्छा असते की नाही" याचं प्रामाणिक उत्तर, असते. ज्या गोष्टीनं मला सावरलं ती दुसऱ्यालाही मिळावी असं वाटणारच. पण इच्छा असणं आणि खाटेवर पडलेल्या माणसाचा फायदा घेणं यात फरक आहे. आम्हाला शिकवणाऱ्या एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. त्यांचा नियम असा की रुग्णानं स्वतः विचारल्याशिवाय प्रार्थनेचा शब्द काढायचा नाही, आणि विचारलं तरी आधी ड्रेसिंग पुरं करायचं. त्या म्हणायच्या, ज्याला कूस बदलता येत नाही त्याला "नको" म्हणता येत नाही. मी तो नियम आजवर पाळते.

सोमवारचं विचारताय म्हणून एक सांगते. मधुमेहाच्या पायाच्या जखमा असतात ना, त्यांचं ड्रेसिंग. पट्टी काढली की वासानं नातेवाईकच बाहेर जातात. सलाइननं धुवायचं, मेलेलं मांस बाजूला करायचं, कडेनं हलक्या हातानं पुसत जायचं, आणि हे करताना चेहरा हलू द्यायचा नाही, कारण तो माणूस जखमेकडे बघत नसतो, तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो. एक आजोबा होते, रोज शिव्या द्यायचे. माझ्या जातीवरून, धर्मावरून, सगळ्यावरून. त्यांचं ड्रेसिंग टाळायला वॉर्डात सगळ्यांची सबब तयार असायची. मी करायचे. मला काही त्यांच्याबद्दल प्रेम वाटत नव्हतं, खोटं कशाला सांगू. मनातल्या मनात मी पण त्यांना दोन-चार दिल्यात. पण हात घाईनं फिरवला नाही. शत्रूवर प्रीती करा यातलं मला एवढंच जमलं, हातापुरतं.

ते शेवटपर्यंत सुधारले नाहीत. जाताना आभारही मानले नाहीत. चर्चमध्ये साक्ष द्यायला ही गोष्ट उपयोगाची नाही, कारण शेवट चांगला नाही.

---

अवलिया_सोलापूर

ड्रेसिंगआधी प्रार्थना नाही, हा नियम आवडला. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मतभेद आहेत, पण ते राहू देत.

---

नगरी_पुणेकर

@वॉर्ड_नंबर_सहा, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवू का? नाव-गाव अर्थातच नाही.

क्षमेबद्दल मुलं हमखास ग्लॅडिस स्टेन्स यांचं विचारतात. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स, आणि दोन लहान मुलं, फिलिप आणि तिमथी, गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यानंतरचं. त्या लगेच ऑस्ट्रेलियाला निघून गेल्या नाहीत. पुढची काही वर्षं बारीपदाच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाचं काम बघत राहिल्या. क्षमा केली हे एका दिवसात बोलता येतं. त्याच गावात भाजी आणायला जाणं रोजचं.

मुलांना सांगताना अडचण अशी की एवढं मोठं उदाहरण दिलं की ती हात जोडतात आणि सुटतात. आपल्याला थोडंच असं काही करायचंय! म्हणून मला बावखल, सुपारी आणि ड्रेसिंग हवं होतं.

पंडिता रमाबाईंचंही असंच होतं. केडगावचा आश्रम, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, मूळ भाषांवरून एकटीनं केलेलं बायबलचं भाषांतर, हे सगळं पर्वताएवढं. मुलांना मी त्यांचा इंग्लंडातला हट्ट सांगणार आहे. १८८३ मध्ये तिथे बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा चालायचं नाही. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटायचं, हा जातीचा ताठा गेलेला नाही. रमाबाईंनी पत्रातून ठणकावलं की ख्रिस्ती झाले म्हणून माझ्या खाण्यापिण्याच्या सवयी तुम्ही ठरवायच्या नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असंही विचारलं. धर्मसत्तेसमोर मान तुकवणं आणि ख्रिस्ताशी निष्ठा या दोन गोष्टी त्यांनी कधीच एक मानल्या नाहीत. तिकडे पुण्यात १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदनावर (विधवांसाठीच्या शाळेवर) धर्मांतराचा गदारोळ उठला तेव्हा इकडच्यांनीही साथ सोडली. दोन्हीकडून मार. अवांतर वाटेल, पण कॉलेजात जाणाऱ्या पोरांना हे ऐकायला हवं. त्यांनाही दोन्हीकडून पडतो. वर्गातले "तुम्ही इंग्रजांचे" म्हणतात आणि घरातले "कुंकू लावलेली मैत्रीण कशाला" म्हणतात.

---

जालना_साक्षी

रमाबाईंनी शाकाहार ठेवला, मी दागिने उतरवले. दोन्ही चालतं ना मग?

---

नगरी_पुणेकर

चालतं ताई. तुम्ही मला दागिने उतरवायला लावत नाही तोवर. :)

---

माहेर_हरेगाव

माझ्या मंगळसूत्रात क्रूस आहे. दोघांनाही नमस्कार.

@बावखल, तुमचं पुढे काय झालं? गेलात का चुलत्यांकडे?

---

बावखल

धागा वाचून झाल्यावर गेलो. चुलते आता अंथरुणाला आहेत, चुलतभाऊ होता. चहा झाला, सुकेळीचा (वाळवलेल्या केळ्यांचा) विषय झाला, पोराच्या व्हिसाचा झाला. बावखलाचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही. निघताना काकींनी अळूची पानं दिली. समेट झाला का? नाही बहुतेक. त्याच्या बाजूच्या पायलिंगमुळे आमच्या बाजूचं पाणी यंदा लवकर आटलंय आणि त्याबद्दल मी नगरपालिकेत जो अर्ज दिलाय तो मागे घेणार नाही, तो अर्ज आळीच्या विहिरींसाठी आहे. चहा प्यायचा आणि अर्जही चालू ठेवायचा, हे एकाच वेळी कसं करायचं ते फादरना विचारणार आहे. तेही सांगू शकतील असं वाटत नाही.

---

पंचकमिटी_ग्रस्त

तुम्ही आमच्या कमिटीवर या हो.

---

दाखला

सर्वांचे आभार. इतक्या लोकांनी लिहिलं आणि एकानंही "सगळे करतात, करून टाका" म्हटलं नाही, त्यामुळे जरा बरंही वाटलं आणि अडचणही झाली.

घरी बोलणं झालं. मी मुलाला सगळं सांगितलं, कायद्यासकट. पत्नी म्हणते खुल्या वर्गातून भरू, कर्ज काढू. माझी आई म्हणते, "तुझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना पोराच्या कॉलेजची काळजी नव्हती, तुला आहे, देव समजून घेईल." मुलगा दोन दिवस बोलला नाही, मग म्हणाला, "दाखल्यावरचा धर्म बदलून घेता येतो का? आधी तो तर खरा करू, मग मार्कांचं बघू." मला वाटलं होतं तो चिडेल. थोडा चिडलेलाही आहे, पण माझ्यावर नाही, त्या परिच्छेदावर. त्यानं तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, @कलम_आणि_पोटकलम.

अजून फॉर्म भरलेला नाही. जातीची नोंद तशीच ठेवून धर्माची नोंद बदलता येते का, आणि मग इतर मागासवर्गात कुठे बसतो का, हे कुठे विचारायचं?

---

कलम_आणि_पोटकलम

शाळेच्या दाखल्यातली नोंद मुलाच्या मनासारखी लगेच बदलत नाही. शाळा सोडल्यावर तर मुख्याध्यापकांच्या हातात फारसं नसतं, शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. त्यामुळे प्रवेशाच्या आधी ते होईल या भरवशावर राहू नका. पण प्रवेशाच्या फॉर्मवर धर्माचा रकाना तुम्ही आज खरा भरू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

इतर मागासवर्गाचं म्हणाल तर आधी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीच्या कार्यालयात जाऊन यादीतली नोंद दाखवायला सांगा, तोंडी सांगण्यावर विसंबू नका. जाताना आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद, वडिलांचा आणि तुमचा शाळेचा दाखला, महसुली जुना कागद असेल तर तो, सगळ्याच्या साक्षांकित प्रती न्या. नोंद बसली तर नॉन क्रीमिलेअर लागेल, त्यासाठी तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं; तहसीलदारांकडचा उत्पन्नाचा दाखला आजच टाका, प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी असते. बाप्तिस्म्याची नोंद कुठल्या मिशनच्या वहीत आहे ते कळलं की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, प्रत कशी मागायची त्याचा मसुदा पाठवतो.

---

माहेर_हरेगाव

जुन्या वह्या बऱ्याचदा पाळकांच्या घरी कपाटात असतात, ऑफिसात नसतात. आधी पाळकीणबाईंना विचारा.